मेळा राहू द्या, आधी वर्षभराची ऑर्डर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या भागात खाद्यपदार्थ तयार करणारे तीसेक लहान उद्योग आहेत. आम्ही काही जणांनी मिळून थोडा निधी जमवला आहे. 'आपल्याच भागातलं घ्या' अशी मोहीम, सगळ्यांसाठी एक बोधचिन्ह आणि वर्षातून दोन मेळे असं डोक्यात आहे. यानं इथली अर्थव्यवस्था खरोखर सुधारेल, की आम्ही नुसतं स्वतःचं समाधान करून घेतोय? पैसा आधी कशावर लावावा?"

'स्वतःचं समाधान' ही शंका तुम्हीच काढलीत म्हणून सविस्तर लिहिते. वीसेक वर्षं मी लहान अन्नउद्योगांबरोबर काम करते आहे. कुणाचा हिशेब लावून द्यायचा, कुणाला खरेदीदार गाठून द्यायचा, कुणाला अजून कर्ज काढू नका म्हणून अडवायचं, असं ते काम. या काळात तुमच्यासारखे बरेच गट भेटले. बहुतेकांची सुरुवात मेळ्यानं झाली आणि बहुतेकांचा शेवटही मेळ्यानंच झाला.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत: हे तीस उद्योग टिकावेत, भागातला पैसा भागात फिरावा आणि लोकांना चांगलं खायला मिळावं. तिन्ही इच्छा चांगल्याच आहेत, पण त्या एकाच वाटेनं जात नाहीत. एखादा उद्योग सगळा कच्चा माल बाहेरून आणून, दोन यंत्रं आणि एक माणूस यांच्या जोरावर जोरात चालू शकतो. तो टिकला तर आनंदच आहे, पण त्यामुळे तुमच्या भागात फारसा पैसा फिरत नाही. तुम्ही विचारलंय ते अर्थव्यवस्थेबद्दल, म्हणून मी दुसऱ्या गोष्टीला धरून बोलते.

एक रुपया भागात आला की तो किती हात बदलून बाहेर जातो, हे पाहायचं. कल्पना जुनी आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये गुणकाची, म्हणजे एका खर्चातून एकूण किती उत्पन्न तयार होतं याची, मांडणी केली आणि त्यांचे सहकारी केन्स यांनी १९३६ मध्ये तिला मध्यवर्ती जागा दिली. तो हिशेब देशाचा होता. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या अभ्याससंस्थेनं २००० नंतरच्या वर्षांत तोच गावपातळीवर करता येईल इतका सोपा केला. त्याला 'एलएम३' म्हणतात, म्हणजे 'लोकल मल्टिप्लायर ३', स्थानिक गुणक: फक्त तीन फेऱ्या मोजायच्या. उद्योगाकडे १०० रुपये आले ही पहिली फेरी. त्यातले भागातल्याच माणसांवर आणि पुरवठादारांवर किती खर्च झाले, ही दुसरी. त्या माणसांनी आणि पुरवठादारांनी पुन्हा भागातच किती खर्चले, ही तिसरी. तिन्हींची बेरीज करून पहिल्या आकड्यानं भागायचं. एका उद्योगानं १०० तले ६० भागात दिले आणि त्यातले ३० पुन्हा भागात फिरले, तर आकडा १.९ येतो. दुसऱ्यानं २० दिले आणि त्यातले ८ फिरले, तर १.२८. दोघांच्या पाटीवर 'स्थानिक' हाच शब्द असतो.

हा हिशेब मी अनेक उद्योगांचा करून पाहिला आहे. नव्या माणसाला वाटतं की मालक इथला असला म्हणजे पैसा इथे राहतो. थोडा राहतो, नफ्यापुरता. पण खरी भर पडते मजुरीतून. मजुरी घेणारं माणूस जवळच राहतं, जवळच खर्च करतं आणि महिना संपेपर्यंत बहुतेक पैसे खर्चूनही टाकतं. दुसरा क्रमांक कच्च्या मालाचा, तो आसपास पिकत असेल तर. बरण्या, डबे, पिशव्या, यंत्रांचे सुटे भाग, इंधन हा पैसा जवळजवळ सगळीकडे बाहेरच जातो. त्याचं दुःख करत बसू नका. बरणी आपल्याच भागात बनली पाहिजे म्हणून काचेचा कारखाना काढायला निघालेला एक गट मला माहीत आहे. त्यांचा उत्साह पाहून मी गप्प बसले, ती माझी चूक झाली.

या विषयावर एक आकडा फार फिरतो, तो तुम्हीही वाचला असेल. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागाच्या २००४ च्या अभ्यासात असं निघालं की स्थानिक मालकाच्या दुकानात १०० डॉलर खर्च झाले तर ६८ शहरात राहतात आणि साखळी दुकानात झाले तर ४३. आकडा खरा आहे, पण तो एका शहरातल्या एका भागाचा आहे. दुकानं, उपाहारगृहं आणि सेवा यांचा मिळून आहे. तो उचलून आपल्या पत्रकावर छापू नका. आपल्या पाच उद्योगांचा हिशेब स्वतः करा. आकडा ओबडधोबड येईल, पण तो तुमचा असेल. शिवाय तो करताना चार घरी बसणं होतं, आणि त्या बसण्याची किंमत आकड्याहून जास्त असते.

आता मेळ्याकडे येते. मेळा वाईट नाही. ओळखी होतात, नव्या मालाची चव लोकांना कळते, उद्योजकालाही ग्राहकाचा चेहरा दिसतो. पण तिथे झालेली विक्री कुणाच्या गल्ल्यातून आली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. इथल्याच माणसानं इथल्याच शेजारच्या दुकानाऐवजी मेळ्यात खरेदी केली, तर भागाच्या दृष्टीनं एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं, इतकंच. भर दोन वेळा पडते: बाहेरून येणारी वस्तू इथल्या वस्तूनं हटवली तेव्हा, किंवा इथली वस्तू बाहेर विकून बाहेरचा पैसा आत आला तेव्हा. आम्ही एकदा तीन दिवसांचा मेळा भरवला होता. गर्दी उत्तम, फोटो उत्तम. सहा महिन्यांनी मी बारा जणांना विचारलं, त्या मेळ्यातून कायमचं गिऱ्हाईक किती मिळालं? सात जण हसले. दोघांनी सांगितलं की मेळ्यासाठी जास्तीचा माल करून ठेवला, तो उरला आणि खपायची मुदत संपून गेला.

लहान अन्नउद्योगाला लागते ती ठरलेली, पुन्हा पुन्हा येणारी ऑर्डर. दर आठवड्याला इतका माल, या भावानं, या दिवशी उचल आणि या दिवशी पैसे. एवढं एक हातात असलं की तो माणूस मजूर कायम ठेवतो, कच्चा माल आधी बोलून ठेवतो आणि शेतकऱ्याला शब्द देऊ शकतो. मघाशी सांगितलेली दुसरी आणि तिसरी फेरी अशा शब्दावरच चालते. सणासुदीच्या विक्रीवर कोणी कायमचा माणूस ठेवत नाही.

अशी ऑर्डर देऊ शकणारे म्हणजे जिथे रोज अनेक माणसं जेवतात ते: शाळा, वसतिगृहं, रुग्णालयं, कारखान्यांची भोजनगृहं. जगात या दिशेनं झालेलं सर्वांत ठोस काम मला ब्राझीलचं वाटतं. तिथे २००९ च्या कायद्यानं शालेय भोजनासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च करणं बंधनकारक झालं. नेहमीच्या निविदेची अट त्या खरेदीला शिथिल केली, आणि अर्धं यश त्या सवलतीचंच आहे. निविदेचा जाडजूड कागद, अनामत रक्कम आणि मागच्या तीन वर्षांची उलाढाल मागितली की लहान माणूस दारातूनच परत फिरतो.

इंग्लंडमधल्या लँकेशायरचं उदाहरण आणखी साधं आहे. तिथल्या परिषदेनं शाळांच्या अन्नपुरवठ्याचं एक मोठं कंत्राट तोडून त्याचे लहान लहान भाग केले. दही वेगळं, चीज वेगळं, असं. लगेच त्या परिसरातले उत्पादक स्पर्धेत उतरू शकले. त्याच भागातल्या प्रेस्टन शहरात मोठ्या संस्थांनी आपली खरेदी कुठून होते ते मोजायला सुरुवात केली, तेव्हा २०१२-१३ मध्ये शहरातल्या पुरवठादारांकडे जेमतेम ५ टक्के खर्च होत होता. २०१६-१७ पर्यंत तो १८ टक्क्यांवर गेला. ही खरेदी फक्त अन्नाची नव्हती, सगळी मिळून होती. मोहीम ग्राहकांची नव्हती, पत्रकं वाटली नव्हती. खरेदी विभागातल्या लोकांनी कंत्राटं कशी लिहायची ते बदललं. मला विचाराल तर हजार ग्राहकांचं मन वळवण्यापेक्षा एका खरेदी अधिकाऱ्याबरोबर चार चहा घेणं स्वस्त पडतं.

लगेच एक सावधगिरी. ऑर्डर मिळवून देणं म्हणजे कधी कधी गळ्यात दगड बांधणंही होतं. कसं ते आकड्यात सांगते, कारण हे कळलं की तुमचा निधी कुठे लावायचा ते आपोआप कळेल.

समजा एका उद्योगाची महिन्याची विक्री एक लाख आहे. कच्चा माल, मजुरी आणि बाकी खर्च मिळून ऐंशी हजार. हा खर्च रोख आहे, शेतकरी आणि मजूर थांबत नाहीत. खरेदीदार पैसे देतो नव्वद दिवसांनी. म्हणजे पहिला रुपया हातात पडण्याआधी त्या माणसाचे दोन लाख चाळीस हजार अडकलेले असतात, आणि नफा महिन्याला वीस हजार. आता तुम्ही मदत म्हणून त्याची ऑर्डर दुप्पट करून दिलीत. अडकलेली रक्कम चार लाख ऐंशी हजार होते. ती तो कुठून आणणार? खासगी व्याजानं आणली तर वाढलेल्या नफ्याचा मोठा भाग व्याजात जातो. धंदा वाढतोय, वहीत नफा दिसतोय आणि घरात किराणा उधारीवर येतोय, ही स्थिती मी इतक्या वेळा पाहिली आहे की नव्या उद्योजकाला मी आधी विक्रीबद्दल विचारतच नाही. आधी विचारते, 'पैसे किती दिवसांनी येतात?'

माझ्या ओळखीच्या एका चांगल्या उद्योगाचं असंच झालं. एका मोठ्या संस्थेची ऑर्डर मिळवून देण्यात माझाही हात होता. तोंडी बोलणं पंचेचाळीस दिवसांचं होतं, प्रत्यक्षात पैसे चार महिन्यांनी आले. तोवर त्यांनी दोन कामगार कमी केले होते आणि तिसऱ्या हप्त्याला कच्चा माल देणाऱ्यानं माल अडवला होता. पैसे बुडाले नाहीत, उशिरा आले एवढंच, पण उद्योग बंद पडला. तेव्हापासून मी ऑर्डरच्या कागदावर पैसे देण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय कुणाची गाठ घालून देत नाही.

कायद्यांनाही ही दुखरी जागा माहीत आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार लहान पुरवठादाराच्या नाशवंत मालाचे पैसे जास्तीत जास्त ३० दिवसांत द्यावे लागतात आणि इतर अन्नमालाचे ६० दिवसांत. भारतात सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल या भीतीनं लहान माणूस कायदा काढत नाही. म्हणून तुमच्यासारखा गट उपयोगी पडतो.

तर तुमचा निधी मी फिरता ठेवेन. माल पोचला, खरेदीदारानं पोचपावती दिली, की आठवड्याच्या आत बिलाच्या सत्तर-ऐंशी टक्के रक्कम उत्पादकाला द्यायची. खरेदीदाराचे पैसे आले की निधीत परत भरायचे आणि उरलेली रक्कम उत्पादकाला द्यायची. पंचेचाळीस दिवसांत परत येणारी रक्कम वर्षात आठ वेळा फिरते. मेळ्यावर घातली तर तीन दिवसांत मंडपवाल्याकडे जाते. यात धोका आहे आणि तो खरेदीदाराच्या भरवशावर ठरतो, म्हणून सुरुवात एकाच खरेदीदारापासून आणि चार-पाच उत्पादकांपासून करा. अशी रक्कम उचल म्हणून देणं तुमच्या गटाला कायद्यानं चालतं का, त्यासाठी सहकारी संस्था, पतसंस्था किंवा कंपनी असा कोणता आकार घ्यावा लागेल, हे मात्र तिथल्या जाणकार हिशेबनीसाला विचारूनच ठरवा. इथे माझा अंदाज चालणार नाही.

निधी लावण्याची दुसरी जागा म्हणजे मधली साखळी. तीस उद्योगांतला एकही जण वसतिगृहाला पुरेल इतका माल एकट्यानं देऊ शकत नसेल, पण सहा जण मिळून देऊ शकतील. त्यासाठी कुणीतरी सहा ठिकाणचा माल एकत्र करायला हवा, प्रतवारी करायला हवी, बॅच नंबर लिहायला हवा, एकच बिल करायला हवं आणि खराब निघालेला माल कुणाचा हे भांडण न होता ठरवायला हवं. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते कोणी करत नाही. त्याला एक पगारी माणूस लागतो. देणगीदारांना पगार द्यायला आवडत नाही, यंत्र द्यायला आवडतं, कारण यंत्रावर नाव रंगवता येतं.

यंत्राचीही एक गोष्ट आहे. एका ठिकाणी सामायिक प्रक्रिया केंद्र उभं राहिलं. वाळवणी, पॅकिंग, सगळं नवंकोरं. क्षमता इतकी मोठी होती की हंगामातला सगळा माल दोन-अडीच महिन्यांत संपायचा आणि उरलेलं वर्ष केंद्राला कुलूप. वीजजोडणीचा स्थिर आकार मात्र बारा महिने चालू. मला विचारलं तेव्हा यंत्रं येऊन पडली होती. आधी ऑर्डर, मग माणूस, मग भाड्याची जागा आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं यंत्र, हा क्रम उलटा केला की बहुधा असंच होतं. वर्षभर वेगवेगळ्या पदार्थांवर चालणारं लहान केंद्र असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी हो म्हणेन.

बोधचिन्हाबद्दल: ते शेवटी करा. जपानमधल्या ओइता प्रांताची 'एक गाव, एक उत्पादन' चळवळ सगळ्यांना माहीत असते. ती गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी १९७९ मध्ये सुरू केली आणि पुढे तिच्या नकला अनेक देशांत झाल्या. पण तिची मुळं त्याआधीची आहेत. त्याच प्रांतातल्या ओयामा या डोंगरी गावानं १९६१ मध्ये भात सोडून आलुबुखार आणि चेस्टनटची झाडं लावायचं ठरवलं, आणि तेही देशाचं धोरण भाताच्या बाजूचं असताना. 'झाडं लावू आणि हवाईला फिरायला जाऊ' अशी त्यांची घोषणा होती. घोषणा गमतीची असली तरी तिच्यामागे आपल्या जमिनीत काय पिकेल आणि कशाला भाव येईल याचा हिशेब होता. नक्कल करणाऱ्यांनी बहुतेक वेळा हा हिशेब मागे ठेवला आणि नाव तेवढं उचललं. शिवाय एका चिन्हाखाली तीस जण आले की त्यातल्या सर्वांत हलगर्जी माणसाचा दर्जा सगळ्यांच्या नावावर जमा होतो. त्या एकाला बाहेर काढायची तयारी आणि अधिकार गटाकडे नसेल तर चिन्ह काढूच नका.

मोहिमेत 'स्थानिक म्हणजे पर्यावरणाला चांगलं' असं सरसकट लिहू नका, हेही सांगून ठेवते. वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या घरगुती अन्नाचा हिशेब मांडला, त्यात हरितगृह वायूंतला वाहतुकीचा वाटा साधारण ११ टक्के निघाला आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा तर फक्त ४ टक्के. बाकीचं बहुतेक उत्पादनातच होतं. जवळचं घेण्याची तुमची कारणं आर्थिक आहेत, ती पुरेशी आहेत. दुसऱ्या कारणांची उसनवारी केली की कुणीतरी ती खोडतं आणि मग पहिल्यावरचाही विश्वास जातो.

परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, हे मान्य. तुमच्या भागात रोज शे-दोनशे माणसं जेवतील अशी एकही संस्था नसेल तर वरची अर्धी योजना लागू होत नाही. मग घरांकडे जावं लागतं, पण मेळ्यानं नाही, आगाऊ वर्गणीनं. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेइ' या नावानं आणि अमेरिकेत १९८६ पासून अशी पद्धत रुजली की कुटुंबं हंगामाच्या आधी पैसे भरतात किंवा खरेदीचा शब्द देतात आणि ठरलेल्या दिवशी आपला वाटा घेतात. पैसे आधीच आले की खेळत्या भांडवलाचा, म्हणजे विक्रीचे पैसे येईपर्यंत लागणाऱ्या रोख पैशाचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. अडचण एकच: दर वर्षी काही कुटुंबं गळतात आणि त्या जागी नवी शोधायला माणूस लागतो. माल अगदी नाशवंत असेल तर अंतर मोजा. टिकाऊ असेल तर बाहेरच्या बाजारात विकण्याचा विचार आधी करा, कारण बाहेरचा पैसा आत आणायला तोच माल चालतो.

आता तुम्ही उद्यापासून काय कराल? निधीला हात लावू नका. दोघं-दोघं मिळून त्या तीसही ठिकाणी जा आणि वहीत तीनच गोष्टी लिहून आणा. गेल्या महिन्यातले सर्वांत मोठे पाच खर्च कोणते आणि ते पैसे कुठे गेले. विक्रीचे पैसे सरासरी किती दिवसांनी हातात आले. आणि गेल्या वर्षभरात कोणती ऑर्डर नाकारली आणि का. तिसरा प्रश्न चुकवू नका. 'काय मदत हवी' असं विचारलंत तर सगळे अनुदान आणि यंत्र म्हणतील. नाकारलेली ऑर्डर विचारली की खरं बाहेर येतं: माल कमी पडला, परवाना नव्हता, गाडी नव्हती, पैसे उशिरा मिळणार होते, घरात आजारपण होतं.

तीसांपैकी वीस जणांचं कारण एकच निघालं तर तुमचा निधी तिथे जाईल. वीस वेगवेगळी कारणं निघाली तर एकाच खरेदीदारासाठी चार-पाच जणांना निवडा आणि बाकीच्यांना या वर्षी स्पष्ट नाही म्हणा. आणि कुणीच काही नाकारलेलं नसेल, तर त्यांच्याकडे ऑर्डर येतच नाहीत असा अर्थ होतो. मग अडचण विक्रीत आहे, आणि तेव्हा तुमच्या मेळ्यावरही पुन्हा बोलता येईल. वहीत काय निघालं ते लिहा, मग आकडे घेऊन पुढचं बोलू.